शनिवारच्या पावत्या

आल्टा सेन्सनिगचा शनिवार तिचा स्वतःचा नव्हता. शुक्रवारी बाजारातल्या तिच्या गाळ्यावर जे पाव, दालचिनीचे रोल आणि सफरचंदाचे केक खपत, त्याचे पैसे तिचे. घोड्याचा दाणा, चुलीची लाकडं, दुखलंखुपलं, सगळं त्यातून चाले. शनिवारी त्याच गाळ्यावर, त्याच भट्टीतलं जे विकलं जाई, ते मात्र जोएलचं.

जोएल तसा तिच्या नात्यातला नव्हता. शेताच्या बांधापलीकडे राहणाऱ्या रोडाचा तो धाकटा मुलगा. पोर जेमतेम शाळेत जायच्या वयाचं, आणि त्याच्या रक्तात काहीतरी बिघडलं. फिलाडेल्फियाच्या इस्पितळाच्या खेपा सुरू झाल्या. जुन्या रीतीचे हे मेनोनाइट पंथाचे ख्रिस्ती लोक विमा उतरवत नाहीत. घरात दुखणं आलं की सगळी मंडळी, म्हणजे त्यांचं चर्च, मिळून ते खांद्यावर घेते. त्या वसंतात, प्रभुभोजनाच्या आधी जो उपास असतो त्या दिवशी, आल्टाने मनाशी नेम धरला की हे लेकरू धडधाकट होईपर्यंत शनिवारच्या विक्रीच्या पैशांचा डबा त्याचा. आपण त्यात हात घालायचा नाही, मोजायचं नाही, डोकावूनसुद्धा बघायचं नाही. नवरा जाऊन तिला तेव्हा दोन हिवाळे झाले होते आणि घरात खाणारी ती एकटीच. नेम कोणाला सांगितला की तो आपला राहत नाही, लोकांच्या तोंडचा होतो. म्हणून तिने तो फक्त एलमला सांगितला.

एलम नोल्ट तिचा थोरला भाऊ, आणि मंडळीचा डीकन. मंडळीतलं दान गोळा करायचं आणि ज्याला गरज त्याच्या हातावर ठेवायचं, हे डीकनचं काम. हे काम कोणी मागून मिळत नाही. भजनाची सारखी दिसणारी पुस्तकं टेबलावर ओळीने मांडतात, त्यांतल्या एकात चिठ्ठी असते. ज्यांची नावं पुढे आली ते पुरुष एकेक पुस्तक उचलतात. एलमच्या पुस्तकात चिठ्ठी निघाली तेव्हा त्याच्या दाढीत एकही पांढरा केस नव्हता, आणि लोक सांगतात की तो उठून उभा राहू शकला नाही. पण तेव्हापासून त्याने ते काम असं केलं की कोणी दिलं आणि कोणाला पोचलं, हे देवाला ठाऊक आणि एलमला.

शनिवारी बाजार उठायच्या वेळी त्याची घोडागाडी मागच्या दाराशी येई. आल्टा डबा त्याच्या हातात देई. तो वाटेत रोडाच्या घरी थांबे, डबा तिच्या स्वयंपाकघरात रिकामा करी आणि सोमवारी आल्टाच्या ओसरीवर आणून ठेवी. कागद नाही, शब्द नाही. असा तीन वर्षं चाललेला हा नेम.

दर फेब्रुवारीत आल्टा बुटांच्या खोक्यात वर्षभराच्या पावत्या भरून गावातल्या मार्लीन कोस्कोकडे नेई. मार्लीन या लोकांमधली नव्हे. लाल ओठ, खोकला आणि जीभ तिखट, पण निम्म्या खोऱ्याचा कर तीच भरून देई. ती विचारी, "यंदा गाळ्याने काय दिलं?" आल्टा शुक्रवारचं सांगे. शनिवार लपवावा असं तिच्या मनातही आलं नाही. उलट तो सांगणं म्हणजे स्वतःच्या दानाची दवंडी पिटणं, असंच तिला वाटे. आणि जे आपलं नाहीच ते आपल्या मिळकतीत कसं धरायचं? खोक्यात मात्र पिठाच्या, साखरेच्या, लोण्याच्या पावत्या दोन्ही दिवसांच्या असत, कारण पीठ काही शुक्रवारचं वेगळं आणि शनिवारचं वेगळं येत नव्हतं.

तेच कोणाच्या तरी नजरेत आलं. चौथ्या हिवाळ्यात कर खात्याचं पत्र आलं. एवढा मैदा आणि एवढेसे पाव कसे, हे बघायला खात्याच्या एक बाई येणार होत्या, आणि दिलेल्या दानाचे काही कागद असतील तर तेही तयार ठेवायला सांगितलं होतं.

पत्र घेऊन आल्टा थेट एलमच्या कारखान्यात गेली. तो घोड्यांचं सामान शिवे. कातड्याच्या आणि तेलाच्या वासात तो वाकून बसलेला असे. त्याने पत्र दोनदा वाचलं, घडी घालून परत दिलं.

"आपल्या देण्याला कागद नसतो," तो म्हणाला.

"मग आता लिही ना. झालं ते झालंच आहे. नुसतं लिहायचं राहिलंय."

हातातली आरी त्याने कातड्यात टोचली आणि तशीच ठेवली. शेवटी म्हणाला, बघू. दुसऱ्या दिवशी दुपारी तो तिच्या स्वयंपाकघरात आला, पावतीपुस्तकं घेऊन. जनावरांच्या खाद्याच्या गिरणीची जुनी कॅलेंडरं आल्टाने माळ्यावरून काढून ठेवली होती. त्यांतले शनिवार बघत तो तारखा घाली. आकडे काय घालायचे हा प्रश्नच होता, कारण डब्यात किती होतं हे दोघांनाही माहीत नव्हतं. आल्टा आठवून सांगे, त्या आठवड्यात बर्फ होतं, गिऱ्हाईक कमी असेल. त्या आठवड्यात ईस्टर, जास्त असेल. तो लिही. कोणाला दिले या जागी पहिल्या पावतीवर त्याने 'रोडा' लिहिलं, थोडा थांबला, ती पावती फाडून चुलीत टाकली आणि नव्या पावतीवर 'मंडळीचा दाननिधी' असं लिहिलं. तसं लिहिलेलं जास्त बरं दिसेल, एवढंच दोघांनाही वाटलं. दाननिधीत त्यातला एक डॉलरही गेलेला नव्हता.

पहिल्या वर्षाच्या पावत्या होत आल्या तेव्हा एलमने हात झटकला आणि पसरलेल्या कागदांकडे नुसतं बघत राहिला. मग मान वर न करता म्हणाला, "दुसरं पेन आहे का गं?"

आल्टा उठली. फडताळाच्या खणात बँकेचं एक होतं, बियाण्यांच्या दुकानातलं एक होतं, एक मरून गेलेल्या नवऱ्याचं. तिने ती सगळी आणून त्याच्यासमोर ठेवली. दोघांनी एकमेकांकडे बघितलं नाही. काम संपलं तेव्हा ती म्हणाली कॉफी घे, आणि तो म्हणाला, आज नको.

कर खात्याच्या बाई मार्चच्या चिखलात आल्या. मिस टॅलबट त्यांचं नाव. दाराशी बूट काढून मोज्यांवर आत आल्या, हे आल्टाला आवडलं. आपली आजी आपल्याला लहानपणी याच बाजारात आणायची, याच रांगेतल्या कोणत्या तरी गाळ्यावरून रोल घ्यायची, असं त्या म्हणाल्या. एलमही येऊन बसला होता, मांडीवर टोपी. शनिवारचं ऐकून घेतल्यावर त्यांनी पावत्यांचा गठ्ठा उलगडला, एकेक पावती वर करून पाहिली.

"या तुमच्या हातच्या आहेत?" त्यांनी एलमला विचारलं.

"हो."

"आणि दर शनिवारचे पैसे तुमच्याकडेच आले?"

"हो."

मिस टॅलबटनी गठ्ठा खाली ठेवला. म्हणाल्या, "तुमचे लोक कोर्टातसुद्धा शपथ घेत नाहीत, हे मला ठाऊक आहे. का घेत नाहीत, तेही; तुमच्यात 'हो' म्हणजे होच असतं. माझ्या साहेबांनाही ठाऊक आहे. दुसऱ्या कोणी हे आणलं असतं तर मी बँकेचे कागद मागितले असते. तुमचं 'हो' पुरे आहे."

जुजबी काही दुरुस्त्या करून त्या प्रकरण मिटवणार होत्या. आल्टाने सही करायचा कागद मार्लीनकडे पाठवते, म्हणाल्या. जाताना केकचा एक तुकडासुद्धा त्यांनी घेतला नाही. नियमात बसत नाही, म्हणून हसल्या. त्या गेल्यावर आल्टा भावाला म्हणाली, "तू खोटं काहीच बोलला नाहीस." एलम टोपी घालून निघून गेला.

एप्रिलच्या सुरुवातीला मार्लीनने तिला सहीसाठी बोलावलं. टेबलावर कागदांचे डोंगर, त्यामागे मार्लीन पुदिन्याची गोळी सोलत बसली होती. सिगारेट सोडल्यापासून तिचा तोच एक चाळा.

"बस बाई. सुटलीस तू," ती म्हणाली. "मला मेलीला मात्र कोणीतरी झोडपायला हवं. तीन वर्षं मैदा दोन दिवसांचा आणि पाव एका दिवसाचे, आणि माझ्या लक्षात नाही. तुमच्या घोड्यांना डोळ्यांवर झापडं लावतात ना, तशी मी लावून बसले होते. बरं झालं तुझ्या भावाने पावत्या दिलेल्या होत्या. मला कधी दाखवल्या नाहीस त्या."

"कशा दाखवणार? तेव्हा नव्हत्याच," आल्टा म्हणाली. "एलमने त्या फेब्रुवारीत लिहिल्या."

"कुठल्या फेब्रुवारीत?"

"याच. बाई येणार होत्या म्हणून."

मार्लीनची गोळी हातातच राहिली. ती उठली, मधलं दार लावून घेतलं आणि परत येऊन बसली, ती आल्टाच्या शेजारच्या खुर्चीत.

"तारखा कुठल्या घातल्या?"

"त्या त्या शनिवारच्या. खरंच दिलेत गं पैसे, मार्लीन. रोडाला विचार."

"दिलेस, यात मला शंका नाही. आकडे? तू तर डबा उघडतच नव्हतीस."

"अंदाजाने."

"आणि दाननिधी? आत्ताच रोडा म्हणालीस."

"तसं लिहिलेलं बरं दिसेल, असं वाटलं," आल्टा म्हणाली.

"मिस टॅलबटला कळलं, की या आत्ता लिहिल्यात?"

"त्यांनी विचारलं नाही."

मार्लीनने गठ्ठ्याची नक्कल समोर ओढली. थोडी पानं उलटून तिने अगदी हलक्या आवाजात विचारलं, "सगळ्या एकाच पेनाने का नाही लिहिल्या गं?"

आल्टाने उत्तर द्यायला तोंड उघडलं. शाई संपली, असं म्हणता आलं असतं. पण शाई संपली नव्हती. ती पेनं तिने स्वतःच्या हाताने खणातून काढून दिली होती, आणि तेव्हा ती का लागताहेत हे तिने विचारलं नव्हतं. विचारायची गरजच पडली नव्हती.

मार्लीन मग बोलली ती नेहमीसारखी टोमणे मारत नाही, तर आजाऱ्याला सांगावं तशी. म्हणाली, शनिवार न सांगणं ही चूक होती. मोठी होती, पण चूकच. पाव तू विकलेस, म्हणजे पैसे तुझे झाले. पुढे ते तू कोणाला दिलेस हा वेगळा प्रश्न, आणि एका घराला हातोहात दिलेलं दान करातून वजा होत नाही. हे तुला माहीत नव्हतं. कायदा माणसाला न कळण्याबद्दल लबाड म्हणत नाही. कर भर म्हणतो, व्याज भर, हयगय केलीस म्हणून वर थोडा दंड भर. झालं. फसवणूक म्हणायला त्याला एक गोष्ट सापडावी लागते, ती म्हणजे जाणूनबुजून. आणि ते सरकारनेच सिद्ध करायचं असतं. माणसाच्या मनात शिरता येत नाही, म्हणून ते खुणा शोधतात. पाठीमागच्या तारखा घातलेले कागद. बनवलेले आकडे. वेगवेगळी पेनं.

"तुझ्या तीन वर्षांत एकही खूण नव्हती," ती म्हणाली. "तुम्ही दोघांनी एका दुपारी बसून त्या तयार केल्यात."

"पण घडलेलंच लिहिलं आम्ही."

"आज लिहून आजची तारीख घातली असतीस, वर 'आठवणीने लिहिलं' म्हणाली असतीस, तर मी तुझ्या बाजूने त्या बाईशी भांडले असते. हे त्यासाठी नव्हतं, आल्टा. तिला वाटावं की हे तेव्हाचं आहे, म्हणून होतं. खोटा कागद सरकारच्या हातात देणं हाच मुळी गुन्हा आहे, कर एक पैशाने बुडालेला नसला तरी. आणि आता तू कितीही सांगितलंस की आधीची चूक साधीभोळी होती, तर कोण ऐकेल? हा गठ्ठाच तुझ्याविरुद्ध साक्ष देईल."

आल्टाने विचारलं, आता काय करायचं. मार्लीन म्हणाली की ती यावर काम करू शकत नाही, हे कागद पुढे पाठवणं तिला जमणार नाही. आधी एखाद्या वकिलाकडे जा. सहीचा कागद तिने आल्टापुढे सरकवला. त्यावर एक ओळ होती, की मी दिलेली सगळी माहिती खरी आणि पुरी आहे.

"हा मी तुझ्याजवळ देते, कारण तो तुझा आहे. सही करून टपालात टाकलास तर बहुधा कोणी कधी विचारणार नाही. मी तुला टाक म्हणत नाहीये. उलट नको टाकू, असंच आत्ता म्हणतेय. मी तसं म्हटलं नव्हतं, असं पुढे कोणाला सांगू नकोस."

घरी जाताना घोड्याला वाट माहीत होती म्हणून आल्टा घरी पोचली.

ती त्याच संध्याकाळी एलमकडे गेली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. पहाटेची प्रार्थना ती चुलीपाशी गुडघे टेकून करी. त्या आठवड्यात गुडघे टेकले की शब्द पुढे जात नसत. देवाला जे सांगायचं, ते आता आधी दुसऱ्या कोणाला तरी सांगायला हवं होतं. सांगावं तर सही एलमची. तिचं स्वतःचं काय व्हायचं ते होवो. गाळा गेला असता तर तिने घरी पाव भाजले असते. पण डीकन खोट्या कागदावर सही करतो, हे एकदा बाहेर पडलं की त्याच्याकडे काय उरणार होतं? चिठ्ठी आयुष्यभराची असते. ती परत पुस्तकात ठेवता येत नाही.

शेवटी ती गेली. तो नेहमीच्या जागी होता, एका लगामाची वादी शिवत. मार्लीन जे बोलली ते तिने सगळं सांगितलं. त्याला आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही.

"कर किती होतो ते काढ," तो थोड्या वेळाने म्हणाला. "मी निम्मा देतो. नाव न घालता पाठवून देऊ. त्यांचं त्यांना मिळेल. जोएल बरा झालाय. कोणाचं काही बुडालं नाही."

"आणि त्या कागदावरची सही?"

"ती तुझी आहे. मी काय सांगणार?"

तिने तो कागद पिशवीतून काढला आणि कातड्याच्या तुकड्यांमध्ये ठेवला. मी तीन दिवस जेवणाच्या टेबलावर याच्यासमोर बसतेय, ती म्हणाली. पहिल्या दिवशी वाटलं, करून टाकावी. दुसऱ्या दिवशी वाटलं, तुझ्यासाठी तरी करावी. मला नाही रे करता येत.

एलमने दोरा दातांनी तोडला.

"पहिल्या पेनाने मी घडलेलं लिहीत होतो," तो म्हणाला. "तसं मी स्वतःला सांगत तरी होतो. दुसरं पेन मागितलं तेव्हा मी त्या बाईला फसवत होतो, आणि ते मला मागतानाच कळलं. त्यांनी माझं 'हो' पुरे म्हटलं तेव्हा मला वाटलं, आता उठावं आणि सांगावं. माझी टोपी माझ्या मांडीवर होती. उठलो असतो तर दोन पावलांवर त्या होत्या."

"मग मला का नाही बोललास? एवढे दिवस?"

"तू येशील म्हणून थांबलो होतो. लाज वाटते सांगायला. पण तसंच आहे."

"मीच म्हटलं होतं, लिही म्हणून."

"धाकट्या बहिणीने म्हटलं म्हणून डीकन लिहितो का?" तो म्हणाला, आणि किंचित हसला, आणि ते हसणं तिला त्याच्या रागापेक्षा जड गेलं.

वकिलाने दोघांचं ऐकून घेतलं आणि सांगितलं की आपणहून गेलात तर त्याला किंमत आहे, पण हमी नाही. कागद न दिल्यासारखे होणार नाहीत. मग तिघे मिळून कर खात्याच्या कचेरीत गेले. तिथे वकील बोलायच्या आधीच एलम बोलला. पावत्या कधी लिहिल्या, कुठे बसून लिहिल्या, पेनं का बदलली, सगळं. आल्टाने आकड्यांचं आणि रोडाचं सांगितलं. मिस टॅलबट ऐकत असताना लिहीत होत्या. मध्येच त्यांनी लिहायचं थांबवलं.

"मी माझ्या साहेबांना सांगितलं होतं, की या लोकांना कागद मागायची गरज नसते," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नाही. "तुम्ही मला त्या दिवशी एवढंच सांगितलं असतं ना, की पावत्या नाहीत, पैसे दिलेत, चूक झाली. मी विश्वास ठेवला असता. मी विश्वास ठेवायलाच आले होते."

त्यांनी पुन्हा लिहायला घेतलं.

प्रकरण वरच्या कचेरीत गेलं. उन्हाळाभर तिथे पडून होतं, आणि त्या उन्हाळ्यात टपालगाडीचा आवाज आला की आल्टा हातातलं काम टाकून दाराशी येई. अखेरीस, दोघांनी आपणहून सांगितलं म्हणून, ते कोर्टात गेलं नाही. तिन्ही वर्षांची मूळ चूक ही चूकच मानली गेली. कर, व्याज आणि हयगयीचा दंड, मार्लीनने पहिल्या दिवशी सांगितलं होतं तेवढाच. मंडळीने तो भरायची तयारी दाखवली, आल्टाने नको म्हटलं. आपल्याला सोडून दिलं, हे तिला कळत होतं. पण सुटल्याचा आनंद तिला कुठे सापडला नाही.

कारण बाकीचं सुटलं नव्हतं. जुलैमध्ये एलमने रविवारच्या सभेत उभं राहून कबुली दिली. मंडळीने त्याला क्षमा केली. या लोकांमध्ये कबूल केलेल्याला क्षमा करतातच, आणि ती मनापासून करतात. पण डीकनचं काम त्याच्याकडून काढून घेतलं. पुन्हा पुस्तकं मांडली गेली, आणि चिठ्ठी मॅलन वीव्हर नावाच्या तरुण शेतकऱ्याच्या पुस्तकात निघाली. बाजारात ऑगस्टपासून आणखी गाळ्यांवर पत्रं आली. चीजवाल्या बुर्कहोल्डरला बँकेचे कागद मागितले, रजया विकणाऱ्या दोघी बहिणींना आठवड्याआठवड्याचा हिशेब मागितला. त्यांच्या नुसत्या सांगण्यावर आता कोणी उठून जात नव्हतं. त्यांच्यापैकी कोणीही आल्टाला एक शब्द बोललं नाही. बुर्कहोल्डर तर तिची पेटी उचलू लागायला पहिल्यासारखाच धावे. तिला वाटे, याने एकदा तरी तोंड फिरवावं. जे सगळ्यांचं होतं, पिढ्यापिढ्यांनी जपून ठेवलेलं, ते तिने एका दुपारी आपल्या टेबलावर खर्च करून टाकलं होतं, आणि ते भरून द्यायला कोणती कचेरी नव्हती.

ऑक्टोबरात प्रभुभोजनाचा रविवार आला. भाकर आणि द्राक्षरस झाल्यावर एकमेकांचे पाय धुतात. पुरुष पुरुषांचे, बायका बायकांचे, दोघं दोघं मिळून. पाण्याची घंगाळं डीकन आणतो. प्रार्थनाघरामागच्या खोपटात तो पहाटेच येऊन चूल पेटवतो आणि पाणी तापवतो. गेली कित्येक वर्षं बायकांच्या बाजूला एलमने तापवलेलं पाणी येई तेव्हा त्यातून नेमकी एवढीच वाफ निघे की म्हाताऱ्या बायकांचे थंडीने आखडलेले पाय आत शिरताच सैल व्हावेत.

आल्टाच्या वाट्याला रोडा आली. जोएल मागच्या बाकावर भावंडांबरोबर बसला होता, गाल भरलेले, टाचांनी बाकावर ताल धरत. आईने डोळे वटारले तेव्हा थांबला. मॅलनने घंगाळ आणून ठेवलं. त्याचे हात भिजले होते आणि चेहऱ्यावर घाम होता. आल्टाने मोजे काढून पाय आत घातले. पाणी थंडगार होतं.

रोडा गुडघ्यांवर बसली होती. तिनेही हात घातला आणि दचकली.

"अगं, किती गार," ती कुजबुजली. "थांब, मी त्याला सांगते. नवा आहे तो, त्याला कळलं नसेल किती आधी पेटवायचं."

"असू दे," आल्टा म्हणाली. "धू तू."

रोडाने तिची टाच तळहातात घेतली आणि वर पाणी ओतलं. आल्टाने मान वर केली. पलीकडे पुरुषांच्या बाजूला, मधल्या बाकांत, एलम एका म्हाताऱ्याचे पाय पुसत होता. पुसून झाल्यावर ते त्याने टॉवेलात तसेच गुंडाळून धरून ठेवले, दोन्ही हातांच्या ओंजळीत, त्यांना ऊब येईपर्यंत.